मुलांचे कपडे घरी शिवताना काय काय चुकलं? अनुभव लिहा

सुईदोरा

लेकीला दोन वर्षं पूर्ण होत आली तेव्हा मी शिवणयंत्राला पहिल्यांदा हात लावला. त्याआधी बटण लावणं आणि उसवलेली शिवण धरणं एवढंच येत होतं. पिवळ्या सुती कापडाचा फ्रॉक बेतला. छाती मोजली, उंची मोजली, खांदा मोजला, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईचा, आकार तिच्या जुन्या फ्रॉकवरून कागदावर उतरवला. कमरेच्या चुण्या एकसारख्या पडाव्यात म्हणून दोनदा उसवून पुन्हा टीप मारली. गळ्याला त्याच कापडाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावून ती हाताने तुरपली. चार रात्री गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी घालायला घेतला तर गळा डोक्यातून जाईना. कपाळावर येऊन कानांशी अडकला आणि ती आतून रडायला लागली.

डोक्याचा घेर मी मोजलाच नव्हता. नंतर मोजला तर १९ इंच. माझा गळा साडेपंधरा इंचांचा.

पण त्याहून मोठी चूक मी पुढे केली. पट्टी उसवली आणि गळा चहूबाजूंनी अर्धा इंच कापून मोठा केला. मला वाटलं, अर्धाच तर इंच आहे. पुन्हा पट्टी लावली. आता थोडा ताणून डोकं गेलं, पण गळा इतका पसरला की एक खांदा वर केला की दुसरा खाली. त्या फ्रॉकला शेवटी खांद्यावर दोन आडव्या चुण्या घालून तो घरात वापरला.

दुसऱ्या फ्रॉकला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. तेव्हा कापड संपलेलं होतं.

हे सगळं लिहायचं कारण असं की शिकवणारे व्हिडिओ पाहताना सगळं सरळ होतं, चूक कुठे होते ते कोणी दाखवत नाही. इथे बऱ्याच जणी आणि जण शिवतात. तुमचं काय चुकलं, कसं लक्षात आलं आणि मग काय केलंत, ते सविस्तर लिहाल का?

आणि एक अडलेला प्रश्न. पायजमे शिवते आहे. उभी असताना छान बसतो, पण ती उकिडवी बसली की मागून कंबर उघडी पडते. इलॅस्टिक घट्ट केलं तर पोटावर वळ उठले. दोन पायजम्यांना हेच झालं.

बेतकाम

सुईदोरा, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी बरीच वर्षं शिवणवर्ग घेतला, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका पुष्कळ पाहिल्या आणि स्वतःच्याही.

आधी गळ्याचं बोलते. मोठ्यांच्या कपड्यांवर हात बसलेल्या बाईकडूनही हे चुकतं, कारण मोठ्यांचं डोकं अंगाच्या मानाने लहान असतं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं. घेर म्हणाल तर जन्मताना साधारण ३५ सेंटिमीटर, पहिल्या वाढदिवसाला ४६ च्या आसपास, दोन वर्षांना ४८. तिथून पुढे पाच वर्षांपर्यंत दोन-तीन सेंटिमीटरच वाढतो. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचं डोकं पाच वर्षांच्या मुलापेक्षा जेमतेम इंचभराने लहान, खांदे मात्र कितीतरी अरुंद. डोकं जाईल एवढा बंद गोल गळा केला की तो खांद्यावर राहत नाही, हे दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ठरलेलंच आहे. तुमचा हात चुकला नाही. तिथे उघडझाप हवी होती.

तुम्ही अर्धा इंच कापलात त्याचं गणित असं. गोल गळा चहूबाजूंनी पाव इंच कापला की घेर सुमारे दीड इंच वाढतो, अर्धा इंच कापला की तीन इंच. म्हणून गळ्याला कात्री लावताना मी मुलींना एका वेळी दोऱ्याच्या जाडीएवढंच कापायला सांगायची. याउलट मागे मधोमध तीन इंचांची चीर दिलीत तर तिच्या दोन कडा मिळून सहा इंच मिळतात आणि गळा जागचा हलत नाही. साडेपंधरा आणि सहा, साडेएकवीस. डोकं आरामात गेलं असतं. वर एक टिचबटण किंवा बटण आणि दोऱ्याचा फास, काम झालं.

अगदी तान्ह्या बाळासाठी खांद्यावर पुढचा-मागचा भाग एकमेकांवर चढवलेलं झबलं करा. त्याचा गळा इतका पसरतो की कपडा घाण झाला तर तो डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून पायांकडून काढता येतो.

कापायच्या आधी एक करत जा. टेपचं शून्य टोक गळ्याच्या मापाच्या आकड्यावर धरून कडं करा आणि ते मुलाच्या डोक्यातून घालून बघा. टेप अडकली तर गळाही अडकणार.

कात्री

दोन उजव्या बाह्या माझ्याही झाल्यात. तेव्हापासून बाह्या कधीच एकेरी कापडावर कापत नाही. कापडाची सुलट बाजू आत ठेवून दुहेरी घडी आणि एकदम दोन्ही बाह्या. साध्या रंगाच्या कापडाची सुलट-उलट कळत नाही, म्हणून कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने फुली. बाहीच्या पुढच्या बाजूला खुणेचा एक कात्रा (कडेला छोटा छेद), मागच्या बाजूला दोन. मुंढ्यालाही तसेच.

झबलं

टेपचं कडं करून बघायचं हे कधी सुचलंच नव्हतं. धन्यवाद बेतकाम ताई. पायजम्याचं मलाही हवंय, आमच्याकडे तर लंगोट असतो त्यामुळे अजूनच ओढलं जातं.

बेतकाम

हो, पायजमा राहिलाच.

सुईदोरा, तुम्ही पुढचा आणि मागचा भाग एकाच मापाचा कापता का? बहुधा तसंच असणार. माणूस उकिडवा बसतो तेव्हा पुढचं अंतर आखडतं आणि मागचं वाढतं. पायजम्याला मागे तेवढं कापड नसेल तर ते कमरेकडून ओढून घेतलं जातं. इलॅस्टिक कितीही आवळा, कापड कमीच आहे.

मागच्या भागाची मधली उंची पुढच्यापेक्षा एक ते दीड इंच जास्त ठेवा आणि बाजूच्या शिवणीकडे येता येता ती रेषा तिरकी उतरवून पुढच्या उंचीला मिळवा. आसनाचा (दोन पायांमधल्या शिवणीचा) जो बाक असतो त्याचं टोकही मागच्या भागाला पुढच्यापेक्षा लांब हवं, लहान मुलाला इंचभर. लंगोट असेल तर दोन्हीकडे आणखी अर्धा इंच.

माप घेताना मुलाला उभं करून घेऊ नका. कमरेला सैल नाडी बांधा आणि पुढच्या नाडीपासून दोन पायांमधून मागच्या नाडीपर्यंत टेप नेऊन ते उकिडवं बसलेलं असताना वाचा. उभ्या मापात आणि या मापात किती फरक पडतो ते एकदा स्वतः बघा.

शिवलेले दोन पायजमे टाकू नका. मागच्या बाजूचा नेफा (इलॅस्टिक घालायची दुमड) उसवून मधे दोन इंच उंच आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी पट्टी जोडा, मग पुन्हा नेफा घाला. वेगळ्या रंगाची पट्टी मुद्दाम लावली तर मुलाला मागची बाजू आपोआप ओळखू येते.

इलॅस्टिक पोटाच्या घेरापेक्षा दीड-दोन इंच कमी पुरे, पण अरुंद घेऊ नका. पाव इंचाचं इलॅस्टिक दोरीसारखं रुततं, पाऊण-एक इंचाचं पसरून बसतं. वळ त्यामुळेच आले असतील.

टीपकागद

मी दोन मुलांचा बाबा. लॉकडाऊनमध्ये मास्क शिवता शिवता इकडे वळलो. माझी चूक कपड्याची नाही, यंत्राची आहे, पण नवशिक्यांचे फार तास वाचतील म्हणून लिहितो.

वरून टीप सुरेख, कापड उलटलं की खाली दोऱ्याचं जाळं. सगळीकडे गुंते आणि फासे. फासे खाली दिसतात म्हणजे दोष खालच्या दोऱ्यात, असं मी धरून चाललो. बॉबिनच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) डबीचा बारीक स्क्रू दोन संध्याकाळी पिळत बसलो. थोडा घट्ट, थोडा सैल, परत घट्ट. शेवटी तो स्क्रू निघून फरशीवर कुठेतरी गेला आणि टॉर्च घेऊन शोधावा लागला.

दोष वरच्या दोऱ्यात होता. मी दाबपाय (कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय) खाली ठेवून दोरा ओवत होतो. दाबपाय खाली असला की ताण देणाऱ्या दोन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही, वरून सरकतो. मग वरच्या दोऱ्याला ताण नाही, आणि तो खाली ओढला जाऊन फासे पडतात. दाबपाय वर, सुई वर, दोरा काढून पहिल्यापासून ओवला आणि पहिल्याच टिपेला जाळं बंद. आता खाली फासे दिसले की मी आधी वरचा दोरा पुन्हा ओवतो, बाकी कशालाच हात लावत नाही.

दुसरं म्हणजे सुई. पहिले आठ महिने मी एकाच सुईवर शिवलं. मोडत नाही तोवर बदलायची नसते असं वाटायचं. सुईचं टोक बोथट झालं की कापडाला भोक पडताना टक् टक् आवाज यायला लागतो आणि पातळ कापडाचे धागे ओढले जातात. आता आठ-दहा तासांच्या शिवणकामानंतर बदलतो. मलमलीसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुतीला १४, डेनिमला १६.

गोधडी

>> टक् टक् आवाज

अगदी! मी हा आवाज यंत्राचा समजून तेल घालत होते.

माझी चूक कापड न धुण्याची. लाल-पांढऱ्या चौकटीचा फ्रॉक आणि त्याला पांढरं मलमलचं अस्तर. शिवून झाल्यावर इतका नेटका दिसत होता की दोन दिवस नुसता अडकवून ठेवला होता. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड फारसं आटलं नाही. खालचा घेर सगळीकडून आत ओढला जाऊन फुग्यासारखा झाला. लाल रंगही पांढऱ्यावर उतरला. आटलेलं कापड काही केल्या वाढत नाही, त्यामुळे अस्तर पूर्ण उसवून काढावं लागलं.

आता कापड आणलं की बेतायच्या आधी ते नेहमी जसं धुणार तसंच धुते, म्हणजे यंत्रात धुणार असेन तर यंत्रात, गरम पाण्यात धुणार असेन तर गरम पाण्यात. अस्तर, सुती लेस, गोटाची पट्टीसुद्धा. लाल, निळा, काळा रंग असेल तर ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघते. मग वाळवून, इस्त्री करून, किनार सरळ जुळवून घडी घालते. धुतल्यावर कापड बऱ्याचदा तिरकं होतं, ते कोपऱ्यांकडून ओढून सरळ केल्याशिवाय कात्री लावू नका. उभा धागा वाकडा गेला की पायजम्याचा एक पाय पोटरीभोवती पिळवटत जातो, आणि ते इस्त्रीने बसत नाही.

उसवण

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. मुलांचे कपडे दोन मापं मोठेच शिवावेत. इतकी मेहनत घ्यायची आणि सहा महिन्यांत लहान व्हायचं, ते मनाला लागतं. मी तर सगळीकडे भरपूर माया (शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड) ठेवते आणि ढगळच शिवते.

बेतकाम

उसवण, माया ठेवावीच, तिच्याशिवाय मुलांचा कपडा शिवूच नये. पण ढगळ शिवणं आणि माया ठेवणं या दोन गोष्टी आहेत.

दोन वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर उंच होतं. रुंदी त्या मानाने फार हळू वाढते. तीन वर्षांची छाती आणि चार वर्षांची छाती यात इंचभर फरक पडला तर पडला. युरोपातले तयार कपडे तर मुलाच्या उंचीच्या आकड्यावरच असतात, ९२, ९८, १०४, ११०, असे सहा-सहा सेंटिमीटरच्या टप्प्याने. म्हणजे कपडा लहान होतो तो आधी लांबीत. खांदा आणि मुंढा मोठा ठेवला तर फायदा काही नाही, खांद्याची शिवण दंडावर येते आणि मूल हात वर करतं तेव्हा अख्खा कपडा वर जातो. मोठा मुंढा हात अडवतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे.

मी अशी बेतते. खांदा, मुंढा, गळा आजच्या अंगाचा. छातीला श्वास आणि खेळणं यासाठी तीन इंच सैल. बाजूच्या शिवणीत एकेक इंच माया. खालची दुमड तीन इंच. बाहीच्या टोकाला दीड इंच दुमड. घेराला खालच्या बाजूने दोन आडव्या चुण्या अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या, म्हणजे उसवल्या की दोन इंच उंची मिळते. चुण्या सजावट म्हणूनही शोभतात. उसवायच्या टिपा लांब घाला आणि दुमड हातानेच तुरपा, म्हणजे उसवताना कापडाला इजा होत नाही. एकच लक्षात ठेवा, गडद कापडावर जुन्या घडीची रेघ राहते. तिथे नंतर एखादी फीत बसवायची तयारी ठेवा.

आणि वय विचारून बेतू नका. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले, त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत मुलांचे कपडेही होते. तेव्हापासून छापील नमुन्यावर वयाचा आकडा बघून कापण्याची सवय लागली आहे. माझ्या वर्गात एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलींच्या उंचीत चार बोटांचा फरक होता.

उसवण

हं. आमचा मुलगा जिन्यात पडला होता तो लांब पायजम्यात पाय अडकूनच. खालची पट्टी दुमडून ठेवली होती, ती उलगडली. तेव्हा मी पायजम्याला दोष न देता जिन्याला दिला. आता हे वाचून तो पायजमा कपाटातून काढला आणि दुमड टाक्यांनी पक्की करून टाकली.

निळी किनार

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी बाळांचे कपडे शिवून भेट देते, म्हणून हे मला फार जवळचं वाटतं.

पहिली गोष्ट नाड्या. टोपीला आणि गळ्याला लोंबणारी नाडी मुलांच्या कपड्याला अजिबात नको. घसरगुंडीच्या फटीत, पाळण्याच्या कठड्यात, दाराच्या कडीत ती अडकते आणि गळा आवळला जातो. अशा अपघातांत मुलं गेली आहेत. अमेरिकेत १९९६ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या गेल्या आणि युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकाप्रमाणे सात वर्षांखालील मुलांच्या कपड्याला डोक्याशी आणि गळ्याशी नाडी चालत नाही. मी स्वतः एका टोपीला गोंडे लावलेली नाडी घातली होती, कारण ती गोड दिसायची. हे कळल्यावर ती टोपी परत मागून घेतली, नाडी काढली आणि हनुवटीखाली वेल्क्रोचा छोटा तुकडा लावून दिली, जोरात ओढला की सुटणारा.

दुसरी बटणं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सैल बटण म्हणजे तोंडात बटण. यंत्राने लावलेलं बटण एक दोरा तुटला की बऱ्याचदा पूर्ण सुटतं. मी हाताने, दुहेरी दोऱ्याने, दोन वेगवेगळ्या गाठींनी लावते आणि चिमटीत धरून जोरात ओढून बघते. तान्ह्या बाळाला बटण लावतच नाही.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बाळाच्या हातमोज्यात किंवा पाऊल झाकणाऱ्या विजारीत आतून सुटे दोरे राहिले तर ते बोटाभोवती गुंडाळले जाऊन आवळतात. बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो आणि बाळ रडतंय कशाने तेच कळत नाही. मोजे उलटे करून आतला एकूण एक दोरा कापा, आणि कच्ची कड उघडी ठेवू नका. बाळ उगाच रडत असेल तर पायाची बोटं एकदा उघडून बघा.

झबलं

तिसरी गोष्ट वाचून आत्ता उठून सगळे मोजे उलटे केले. दोनांत लांब दोरे निघाले. मनापासून आभार.

चिंधी

होजिअरीच्या कापडावर कोणी लिहिलं नाही. टीशर्ट शिवला तर गळ्याची पट्टी लाटेसारखी उभी राहिली आणि घालताना खांद्याची शिवण कटकन तुटली.

टीपकागद

चिंधी, दोन्ही माझं झालंय.

शिवण तुटते कारण कापड ताणतं आणि सरळ टीप ताणत नाही. अगदी अरुंद झिगझॅग घाला, रुंदी एक मिलिमीटरच्या आत, टाका अडीच मिलिमीटर लांबीचा. सुई गोल टोकाची घ्या, ती कापडाच्या विणीतून वाट काढते, विणीचे धागे तोडत नाही. टाके गळत असतील, मधेच एखादा टाका पडतच नसेल, तर सुईच बदलायला हवी असं समजा. खांद्याच्या शिवणीत मात्र ताण नको असतो, नाहीतर टीशर्ट दंडावर उतरतो. तिथे सुती फितीचा तुकडा धरून शिवा.

गळ्याची पट्टी गळ्याच्या घेराएवढी घेतली असणार. ती कमी हवी, घेराच्या ८० ते ८५ टक्के. गळ्याचे आणि पट्टीचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावा आणि शिवताना फक्त पट्टी ओढा, खालचं कापड ओढू नका. पहिल्यांदा मी दोन्ही ओढलं होतं. लाट आलीच असेल तर वाफेची इस्त्री वरून दाबून धरा, घासू नका, बऱ्यापैकी बसते.

आणि कापताना ज्या दिशेला कापड जास्त ताणतं ती दिशा अंगाभोवती यायला हवी. मी एक बनियन उभ्या ताणाने कापलं, ते गुडघ्यांकडे लांबत गेलं आणि छातीला घट्टच राहिलं.

मऊ टाका

वाचत होते, लिहू की नको असं होत होतं.

माझ्या मुलीला मी जाळीचा घेर लावून एक फ्रॉक शिवला होता, नातेवाइकांकडच्या एका कार्यक्रमासाठी. तिने घातला आणि दहा मिनिटांत काढायला सांगितलं. मी समजावलं, थोडी रागावलेही. तिला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं, नुसती बाहेर बाहेर करत राहिली. कार्यक्रमभर ती हात अंगापासून लांब धरून चालत होती. सगळे म्हणाले, लाजते आहे. मीही तेच धरून चालले.

रात्री कपडे बदलताना दोन्ही काखांत लाल चट्टे आणि कमरेभोवती बारीक पुरळ. जाळीची कापलेली कड आत उघडी राहिली होती आणि मुंढ्याच्या शिवणीत चार थर एकावर एक येऊन तिथे टणक गाठ झाली होती. मी आतून हात फिरवला तेव्हा माझ्या मनगटालाही ती बोचली. शिवताना शंभर वेळा सुलट बाजूने बघितला होता तो फ्रॉक. उलट करून एकदाही आतून हात फिरवला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून जाळीचा घेर थेट कमरेला लावत नाही. आतल्या सुती अस्तरावर कमरेच्या दोन इंच खाली लावते, म्हणजे जाळीची कड अंगाला लागतच नाही. लहान मुलांच्या पातळ कपड्यांना कड आत बंद होणारी शिवण घालते. आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर टीप, मग कड पाऊण भाग छाटून, कपडा उलटवून, सुलट बाजू आत घेऊन पुन्हा पाव इंचावर टीप. कच्ची कड दोन टिपांच्या मधे कायमची बंद. मुंढ्यासारख्या गोलाईत ही शिवण नीट बसत नाही, तिथे मलमलच्या उरेब पट्टीने कड बांधते. आणि कपडा पूर्ण झाला की आधी तो उलटा करून स्वतःच्या गळ्याला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघते.

ती आता सहा वर्षांची आहे. कपडा शिवत असले की मधेच येऊन आत हात घालून बघते आणि कुठे बोचतं ते बोट ठेवून दाखवते.

बेतकाम

मऊ टाका, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मुलाने कपडा काढून टाकला की त्याला हट्ट म्हणण्याआधी कपडा उलटा करून बघायचा, हे मी वर्गातही पुरेसं सांगितलं नाही याची आता चुटपुट लागली. तुमच्या शिवणीत एक भर. या शिवणीला दोन टिपांत मिळून अर्धा इंच जातो, तेवढी जागा बेतताना धरा, नाहीतर कपडा घट्ट होतो.

गोधडी

गळ्याला पट्टी लावून उलटवल्यावर गोलाई ओढल्यासारखी दिसते, त्यावर कोणी सांगेल का?

कात्री

शिवणीच्या आतल्या कापडाला गोलाईत दर अर्ध्या इंचावर छोटे कात्रे द्या, टिपेपासून दोऱ्याभर अलीकडे थांबा. मग उलटवून इस्त्री. कात्र्यांशिवाय गोलाई बसत नाही. टीप कापली गेली तर तिथेच भोक पडतं, म्हणून बारीक टोकाची कात्री घ्या.

सुईदोरा

सगळ्यांचे उत्तर वाचून मग शिवायला बसले, म्हणून उशीर झाला.

लेकीचं माप उकिडवं बसवून घेतलं. ती मातीत रेघोट्या ओढत होती, तेव्हाच टेप लावली. पुढच्या नाडीपासून मागच्या नाडीपर्यंत उभी असताना १७ इंच, बसल्यावर १९. दोन इंच! आणि मी दोन्ही पायजम्यांत ते उभं मापच धरलं होतं.

नवा पायजमा आधी जुन्या चादरीत कापला. मागची मधली उंची सव्वा इंच जास्त, आसनाचं टोक पाऊण इंच लांब. कच्चे टाके घालून तिला घातला आणि म्हटलं, बेडकासारखी उडी मार. पाच उड्या मारल्या, कंबर जागची हलली नाही. तेव्हा कुठे खऱ्या कापडाला कात्री लावली. आधी धुऊन घेतलं होतं, गोधडी. इलॅस्टिक पाऊण इंचाचं घातलं आणि ते आत पलटू नये म्हणून दोन्ही बाजूच्या शिवणींवर एकेक आडवी टीप मारली.

जुन्या दोघांपैकी एकाला मागे हिरवी पट्टी जोडली. दुसरा राहिलाय.

गंमत म्हणजे तिला ती हिरवी पट्टी फार आवडली. आज सकाळी स्वतः पायजमा घालायला बसली, दोन्ही हातांनी तो फिरवला, पट्टी कुठे आहे ते बघितलं आणि पाठीमागे घेतली. आता नव्यालाही हिरवी पट्टी हवी म्हणते आहे, तर या शनिवारी ते काम.